पाचपर्यंत मोजून

“आधी छताकडे बघ, मनात पाचपर्यंत मोज आणि मगच उत्तर दे,” हुशार मुलांच्या शाळेच्या पायरीवर दादा लेकीला पुन्हा बजावत होता. मी भिंगरीच्या वेणीची सुटलेली रिबन बांधत होते.

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. बिघडलेलं काही दिसलं की ते चालू केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पण भिंगरीत बिघडलेलं काही नव्हतंच. प्रश्न पुरा व्हायच्या आत ही कार्टी उत्तर देऊन मोकळी. शिकवणीच्या बाईंना नेमकं तेच खटकलं. इतकं पटापट बोलली तर पाठ करून आलीय असं वाटेल, विचार करताना दिसायला हवी, असं त्यांचं म्हणणं. झालं, वर्षभर घरात छताकडे बघायची तालीम सुरू. माझं तर डोकंच उठायचं.

“अरे, बोलू दे की पोरीला,” मी एकदा म्हटलं.

“तू मध्ये पडू नकोस. तिनंही जन्मभर माझ्यासारखा पानाच धरायचा का हातात?”



शाळेत आत गेल्यावर परीक्षा घेणाऱ्या बाईंनी आम्हालाही मागे बसू दिलं.

“नाव काय गं तुझं?” त्यांनी हसून विचारलं.

भिंगरीनं छताकडे पाहिलं. ओठ हलले. मग नाव सांगितलं.

“चालत आलीस की बसनं?”

पुन्हा छत. पुढची कोडी तिनं एकूण एक सोडवली, पण दरवेळी थांबून. शेवटी बाईंनी पेन खाली ठेवलं.

“हुशार आहे हो. पण फार घोटून आणलंय हिला. ही मुळात कशी आहे तेच कळत नाही. आम्हाला नाही घेता येणार.”

दादा तडक उठला. दिवसभर लोकांना ‘दारात हात घालू नका’ सांगणारा माणूस तो, पण बाहेर पडल्यावर त्यानं फाटक तिरमिरीत ओढलं आणि भिंगरीचं बोट सापडलं. नख काळंनिळं झालं. तो तिथंच गुडघ्यांवर बसला.

“फार लागलं का गं?”

तिनं वर पाहिलं. तिथं छत नव्हतं, नुसतं आभाळ. डोळे काठोकाठ भरलेले आणि ओठ हलत होते.

“मोजू नकोस, बाळा,” दादा म्हणाला.

तिनं पाचपर्यंत मोजलंच. मग “हो” म्हणाली आणि रडायला लागली.