भिंतीला पडदा

आषाढ सरता सरता वळसंगहून निरोप आला. म्हाळसाबाईंनी तो गाडीवाल्या येडूबरोबर तोंडीच पाठवला होता, आणि येडूनं अंगणात उभं राहून तो जसाच्या तसा सांगून टाकला.

"म्हातारीनं सांगितलंय, श्रावणातला पयला शुक्रवार हितं करायला दोनी पोरास्नी घिऊन येते. पोरं रमली तर ऱ्हातील. न्हाय रमली तर जेवून माघारी. मग पुन्यांदा कुनी न्ह्यायला येऊ नगा म्हनावं."

अंबक्का तुळशीपुढं रांगोळीनं गोपद्मं काढत बसली होती. चातुर्मासाचा तिचा नेम होता, रोज तेहतीस. निरोप ऐकून तिचा हात थबकला, पण नेम मोडायचा नव्हता. उरलेली पावलं तिनं काढली, हळदकुंकू वाहिलं आणि मग पदर सावरून उठली.

"आईंना म्हणावं, वाट बघतो," एवढंच ती म्हणाली आणि येडूच्या हातावर गूळ ठेवून तिनं त्याला पाणी दिलं.

हणमंतरावांच्या घरात दुसरेपणावर येऊन तिला सव्वा वर्ष झालं होतं. पहिली, सुभद्रा, दोन वर्षांमागं कार्तिकात गेली. तेव्हापासून तिची पोरं, तुंगा आणि गुंडू, वळसंगला आजीजवळ, सुभद्राच्या आई म्हाळसाबाईंजवळ होती. हणमंतराव दोनदा न्यायला गेले, दोन्ही वेळा तुंगा कडब्याच्या गंजीमागं लपून बसली. आता ती नऊ वर्षांची होती, गुंडू पाचाचा. ही दोन पोरं घरात यावीत, एवढं एकच मागणं अंबक्कानं देवाजवळ मागितलं होतं. आणि मागताना ती घाबरलीही होती. पोटचं मागायचं सोडून ही दुसऱ्याची मागते, म्हणून देव रुसला तर?

घरात पोरांसाठी खोली म्हणावी अशी एकच होती. माळवदाखालची, बाजूची. सुभद्राक्काचं आजारपण तिथंच निघालं. नंतर तिथं ज्वारीची पोती आली, गोवऱ्या आल्या, कोळ्यांनी जाळी धरली. एक खिडकी गल्लीकडं, एक परसाकडं. दोन्हींवर पोत्याची तरटं ठोकलेली, त्यामुळं दुपारी बारालासुद्धा आत शिरताना हातानं चाचपावं लागे.

"नवं काही आणायचं नाही हं," हणमंतरावांनी जेवताना बजावलं. ते गिरणीत कारकून. "गिरणी आठवड्यातनं चारच दिवस चालतीय. पुढच्या महिन्यात काय होतंय कुणास ठाऊक."

"नाही आणत," अंबक्का म्हणाली. "आहे त्यातच करते. गिरणीतनं तेवढी दोन मोडकी खोकी आणाल का? सुताची येतात ती."

"खोकी कशाला?"

"पोरीच्या पुस्तकांना फळी होईल."

हणमंतरावांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी खोकी आली. अंबक्कानं खिळे उपटले, दगडानं ठोकून सरळ केले आणि त्याच खिळ्यांनी भिंतीलगत दोन फळ्या उभ्या केल्या. पोती माजघरात गेली. जुन्या लुगड्यांच्या दोन वाकळा शिवून झाल्या. आणि खिडक्यांसाठी तिनं हणमंतरावांची विरलेली दोन धोतरं काढली.

पांढरं धोतर खिडकीला लावलं तर घरात सुतक असल्यासारखं दिसेल, असं तिच्या मनात आलं. म्हणून ती शेजारच्या शांतम्माकडं गेली. त्यांच्या घरी माग होता, आणि सूत रंगवायचं पिंप नेहमी दारात.

"अय्यो, एवढंच ना?" शांतम्मा हसली. "हिरवं सूत काढलंय आत्ताच. पिंपात रंग उरलाय, बुडवा की त्यात. फुकट जायचाच तो. पण अक्का, गाठ मारून बुडवू नका बरं का, नाहीतर पडद्याला देवीचे व्रण येतील!"

धोतरं हिरवी झाली. सगळीकडं सारखी नाही, मधे मधे पोपटी राहिली, पण वाळल्यावर कोवळ्या ज्वारीच्या शेतासारखी दिसू लागली. अंबक्कानं ती छातीशी धरून घरी आणली.

चुना द्यायला भिमा आली. दोन भिंती झाल्या, परसाकडची झाली. चौथ्या भिंतीवरचं जाळं झाडलं आणि ती ओरडलीच.

"अवं वयनी, ही कसली भुतं काढल्यात भितीवर?"

अंबक्काला ते ठाऊक होतं. ती जिवती होती. श्रावणात शुक्रवारी आया लेकरांच्या आयुष्यासाठी जिवतीची पूजा करतात. भिंतीवर गंधानं तिचं चित्र काढायचं, दोन बाया, त्यांच्या कडेवर मांडीवर बाळं, मधे पाळणा. दर साली जुनं पुसायचं, नवं काढायचं. सुभद्राक्काच्या शेवटच्या श्रावणातली ही जिवती मात्र कुणी पुसली नव्हती. रेघा वाकड्यातिकड्या होत्या. एका बाईची मान घागरीच्या गळ्याएवढी जाड, दुसरीला मानच नाही. बाळांचे हातपाय काटक्यांसारखे. तापानं फणफणलेली बाई, भिंत धरून उभी, आणि थरथरत्या हातानं लेकरांसाठी जिवती काढतेय, असंच अंबक्काला ते बघताना दिसे.

मागच्या श्रावणात ती घरात नवीच होती. तिच्या आईनं तिला बजावून सांगितलं होतं, "कूस उजवल्याशिवाय बाईनं जिवती काढू नये गं, अशुभ असतं." म्हणून तिनं काढली नाही. पण चारी शुक्रवारी गुपचूप या खोलीत येऊन याच जिवतीला आघाडा-दूर्वा वाहिल्या, फुटाणे ठेवले. लेकरं लांब असली तर ती असतील त्या दिशेला अक्षता टाकतात. त्याही तिनं टाकल्या, वळसंगकडं तोंड करून.

"पुसू न्हवं?" भिमानं कुंचा उचलला.

"नको नको! तेवढी जागा राहू दे."

"ऱ्हाऊ दे? समदी खोली पांढरीफेक आन ही येवढीच काळी? बैलाला खरूज झाल्यागत दिसंल की, वयनी."

"दिसू दे बाई. ती हात लावायची वस्तू नाही."

भिमानं कपाळावर हात मारला आणि जिवतीच्या कडेकडेनं चुना दिला. तिचं खरंच होतं. पांढऱ्या भिंतीवरचा तो काळवंडलेला चौकोन डोळ्यांत खुपू लागला. खोलीत शिरलं की नजर तिथंच. अंबक्का बराच वेळ दारात उभी राहिली. पोरांनी आल्या आल्या पहिलं हेच बघायचं का? आईचं शेवटचं आजारपण? आणि पुसावं, तर कुणाच्या हक्कानं?

शेवटी तिनं गल्लीच्या खिडकीसाठी शिवलेला पडदा काढला आणि बांबूची काठी ठोकून त्या भिंतीवर लावला. जिवती झाकली गेली. परसाच्या खिडकीला एक पडदा, भिंतीला एक. गल्लीची खिडकी उघडी राहिली.

हणमंतरावांनी संध्याकाळी येऊन बघितलं. पडदा जरासा सारला, परत सोडला.

"तुला बरं वाटेल तसं कर," एवढं बोलून ते हातपाय धुवायला गेले. बायकांच्या सणावारांत ते कधी पडलेच नव्हते.

गुरुवारी दुपारी गाडी आली. म्हाळसाबाई उतरल्या, त्यांच्या मागं गुंडू. तुंगा दोघांच्या कपड्यांच्या पत्र्याच्या पेटीवर तशीच बसून राहिली. येडूनं पेटी उचलली तेव्हा तिला उतरावंच लागलं.

"हातपाय धुवा आई, गूळपाणी आणते," अंबक्का वाकून नमस्कार करीत म्हणाली.

"ते राहू दे. पोरांची खोली कुठली ते आधी दाखव."

म्हाळसाबाई खोलीत आल्या. वाकळा चाचपल्या, फळ्या हलवून बघितल्या, भिंतीवर बोट फिरवलं. चुना बोटाला लागला नाही, त्यामुळं बोलायला काही सापडेना. तेवढ्यात गुंडूनं धावत जाऊन भिंतीवरचा पडदा ओढला.

"आजी! या खिडकीत भिंत आहे!"

म्हाळसाबाई वळल्या. "अगं बाई! गल्लीच्या खिडकीला चिंधी नाही, येणारा-जाणारा आत डोकावतोय, आणि भिंतीला पडदा? हे सोलापूरचं नवीन का काय?"

अंबक्काचा चेहरा उतरला. "सुभद्राक्कांच्या हातची जिवती आहे ती," ती हळूच म्हणाली. "त्यांच्यानंतर... पुसायला हात धजला नाही. उघडी ठेवायलाही मन होईना."

म्हाळसाबाईंनी डोळे बारीक करून भिंतीकडं बघितलं, पण त्यांना आता फारसं दिसत नव्हतं. तुंगाला मात्र दिसलं. तिचे कान लालबुंद झाले. ती वळली आणि मागल्या दारानं परसात निघून गेली.

"झालं," म्हाळसाबाई खाली बसत म्हणाल्या. "कसं तरी दोन वर्षांनी तिचं मन थाऱ्यावर आलं होतं. आता आईची आठवण काढून रडंल. उद्या जेवण झालं की नेते बाई मी तिला."

अंबक्काला वाटलं, आपल्याच हातानं आपण हे केलं. पडदा लावला नसता, नाहीतर सरळ चुना दिला असता, दोन्हींतलं एक काही. देवानं विचारलं असतं, तर सांगता आलं असतं की चांगल्यासाठीच केलं. पण पोरीला काय सांगायचं?

ती परसात गेली. तुंगा धुण्याच्या दगडावर पाठ करून बसली होती.

"तुंगा, चुकलं माझं. मी विचारायला पाहिजे होतं."

"कुणीकुणी बघितलं ते?" तुंगानं न वळता विचारलं.

"काय?"

"ते भिंतीवरचं. कुणीकुणी बघितलं?"

"चुना देणारीनं बघितलं. तुझ्या बाबांनी. आणि मी तर मागच्या श्रावणात त्याचीच पूजा केली, चारी शुक्रवार."

तुंगा गर्रकन वळली. डोळ्यांत पाणी नव्हतंच. "त्याची? पूजा? अहो, ते मी काढलंय!"

अंबक्का दोन पावलं पुढं आली.

"आईला ताप होता. उठवत नव्हतं तिला. म्हणाली, मी सांगते तसं काढ. ती पडून सांगत होती. पाळणा काढ म्हणाली, तर माझी टोपली झाली. मग बाईला मान काढायची विसरले. आई इतकी हसली, इतकी हसली, की खोकलाच लागला." तुंगानं नाक पुसलं. "म्हणाली, असू दे, पुढच्या साली पुसून चांगली काढू. आणि तुम्ही त्याला पडदा लावून ठेवलात! माझ्या मैत्रिणी बघतील ना. पुसून टाका आधी."

अंबक्का तिच्याशेजारी दगडावर बसली. सव्वा वर्ष ज्या रेघांत तिनं मरणाऱ्या बाईचा थरकाप बघितला, त्या एका सात वर्षांच्या पोरीच्या होत्या, आणि त्या काढताना ही खोली हसण्यानं भरली होती. आपण दुःखाला जपत बसलो, असं तिला वाटलं, आणि ते दुःख तिथं नव्हतंच. दर साली पुसून नवं काढायचं, हाच तर या व्रताचा नेम. नेमाच्या बाईनंच तो मोडला.

"तुला वाईट नाही वाटणार पुसलं तर?"

"दर साली पुसतातच की."

"मग उद्याची काढेल कोण? तू काढशील?"

"मी कशाला? आईनं काढायची असते."

"पण बाळ," अंबक्का म्हणाली, "माझं तसं... मला मूल नाही गं. लोक म्हणतात, तसल्या बाईनं काढू नये."

तुंगानं तिला आपादमस्तक न्याहाळलं, बाजारात भाजी बघावी तसं.

"आईला उठवत नव्हतं म्हणून मी काढली. तुम्ही काय आजारी आहात का?"

मागल्या दारात म्हाळसाबाई कधी येऊन उभ्या राहिल्या, ते दोघींना कळलं नव्हतं. अंबक्का धडपडत उठली. म्हातारीनं सगळं ऐकलं होतं.

"माझी सुभद्रा हसली?" तिनं नातीला विचारलं. "तापात?"

"खूप. तोंडावर पांघरूण घेऊन."

म्हाळसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, मग तोच पदर झटकून खोचला. "चुना उरलाय का गं तुमचा? मग बसलात काय? आत्ता नाही दिला तर उद्यापर्यंत वाळायचा कसा?"

तुंगानं ओल्या फडक्यानं स्वतःच जिवती पुसली. तिनं कुणाला हात लावू दिला नाही. अंबक्कानं दोनदा चुना दिला. संध्याकाळी गल्लीतून जाणारी शांतम्मा उघड्या खिडकीशी थांबली आणि तिनं आतल्या सगळ्यांची विचारपूस केली.

शुक्रवारी सकाळी गोपद्मं झाली, आणि अंबक्का सहाणेवर गंध उगाळून भिंतीपुढं बसली. तेहतीस पावलं रोज डोळे मिटून काढणारा हात, पण पहिली रेघ ओढायला धजेना. तुंगा पाठीशी उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"आधी डोकं. गोल. लहान नको, तेल थापायला जागा पाहिजे. हं. आता मान काढा, मान विसरू नका."

"लुगड्याला काठ दे," म्हाळसाबाई उंबऱ्याशी बसून म्हणाल्या. तिथून त्यांना काही दिसत नव्हतं. "जिवती काय दरिद्री आहे?"

गुंडू भिंतीला नाक लावून बाळं मोजत होता. "यातला मी कुठला?"

"हात लावू नकोस, ओलं आहे," तुंगा म्हणाली. "तुमचा पाळणासुद्धा टोपलीसारखाच होतोय की हो!"

अंबक्का हसली. तोंडाशी पदर नेईपर्यंत हसू बाहेर आलंच. तेवढ्यात येडू दारात आला. दुपारी गाडी कधी जुंपायची, ते विचारायला.

"जेवण झाल्यावर," म्हाळसाबाई म्हणाल्या. "आणि येडू, पेटी राहू दे रे. माझं बोचकं तेवढं घे."

अंबक्कानं ऐकलं. मागं वळून बघायला तिला उसंत नव्हती. पाळण्याची दुसरी दोरी अर्धीच ओढली होती, आणि पाठीमागून तुंगा सांगत होती, "सरळ, सरळ. आता सोडू नका."