संध्याकाळपर्यंतचं माहेर

श्यामलाला भारताचं नागरिकत्व मिळालं तेव्हा आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीने तिचा सत्कार केला. शाल, नारळ आणि अध्यक्षांचं भाषण. 'नरकातून सुटून आलेली आपली लेक,' असं ते म्हणाले. लेक! ती लग्न होऊन आली त्या वर्षी याच गृहस्थांनी बायकोला आमच्याकडे हळदीकुंकवाला पाठवलं नव्हतं. माझी सून खाली मान घालून बसली होती. लोकांना वाटलं, भारावली. तिच्या डोळ्यांत पाणी का होतं ते मला ठाऊक होतं. पाकिस्तानी पासपोर्ट जमा झाला, म्हणजे कराचीला आईकडे जाणं संपलं.

हो, कराचीला. श्यामला तिथली मराठी मुलगी. तिचे पणजोबा रत्नागिरीहून बोटीत बसून गोदीच्या कामाला गेले तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. ठाण्याला जावं तसे गेले बिचारे. पुढे फाळणी झाली, आणि जागचं न हलता ही माणसं परदेशी ठरली. तिथे त्यांना हिंदुस्थानी म्हणतात, इथे पाकिस्तानी.

वडील वारले तेव्हा तिची आई गोदाबाई श्यामलाबरोबर त्यांच्या अस्थी घेऊन नाशिकला आली होती. रामकुंडात अस्थी सोडल्या. त्याच वेळी नात्यातल्या कोणीतरी श्यामलाला पाहून आमच्या आमोदसाठी विचारलं. लग्नानंतर जुन्या पासपोर्टवर ती दोनदा माहेरी जाऊन आली. नव्या पासपोर्टवर व्हिसा मागितला, तर साधं उत्तरही आलं नाही.

मग तिच्या भावाने, सुदर्शनने, करतारपूरचं सुचवलं. तो गुरुद्वारा पाकिस्तानात, पण सीमेला लागून. आपल्या यात्रेकरूंना व्हिसा लागत नसे. सकाळी जायचं, संध्याकाळी परत यायचं. तिकडचे लोकही दर्शनाला येत. आता तो रस्ताही बंद झालाय, पण तेव्हा चालू होता. 'आईला घेऊन येतो,' असा सुदर्शनचा निरोप आला आणि श्यामला त्या दिवसापासून गाणी गुणगुणायला लागली.

आमोद मात्र नाही म्हणाला. कंपनी त्याला अमेरिकेला पाठवणार होती. "आई, उद्या व्हिसाच्या वेळी पाकिस्तानचं विचारलं तर?" चिरंजिवांना सासूपेक्षा अमेरिका जवळची. म्हटलं, बस तू घरी. मी जाते हिच्याबरोबर.

झेलम एक्स्प्रेसने जालंधर गाठलं. तिथून गाडी केली. ड्रायव्हर सरदारजी म्हातारा आणि बोलका होता. गुरदासपूर जिल्हा लागला तसा म्हणाला, "माताजी, सैंतालीस में यहाँ पहले पाकिस्तान के झंडे लगे थे. दो-तीन दिन बाद लकीर का पता चला, तो हम हिंदुस्तान में. दादाजी खेत में थे, शाम को घर आए तो मालूम हुआ." लकीर मारणारा साहेब तर केव्हाच विलायतेला परतला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

श्यामलाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. मांडीवर पिशवी, पिशवीत आईसाठी घेतलेली इरकली नऊवारी. "अहो आई, ती मला ओळखेल ना?" असं तिने मला वाटेत कितीदा तरी विचारलं. मी दर वेळी रागावून 'हो' म्हटलं.

तपासणी, बस, पुन्हा तपासणी, आणि आम्ही पलीकडे. पांढरंशुभ्र प्रशस्त आवार. श्यामला चालत नव्हती, धावत होती. एका खांबाशी सुदर्शन उभा होता. एकटा. छातीशी तांबड्या फडक्यात बांधलेलं काहीतरी धरलेलं.

"आई कुठाय?" ती म्हणाली. "बसवलंस कुठे?"

त्याने ते गाठोडं किंचित पुढे केलं. "ताई, दोन महिने झाले."

तिने नऊवारी पुढे धरली होती, ती तशीच राहिली.

मी त्याच्यावर भडकलेच. "अहो, माणसाने कळवू नये? फोन नाहीत का तुमच्याकडे?"

"कळवलं असतं तर ताई आली असती का?" तो रडत म्हणाला. "आईला नाशिकला जायचं होतं, बाबांपाशी. मला व्हिसा मिळत नाही. तिला नेणार कोण?"

आम्ही अस्थी घेऊन बसपाशी गेलो. तिथल्या माणसाने फडकं पाहिलं, फोन केला, पलीकडे विचारलं. मग अगदी अदबीने म्हणाला, "बीबीजी, कागज़ात के बग़ैर नहीं जा सकती." कागद करायला सरकारं लागतात, आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत.

"रावी जवळच आहे ना?" मी सुदर्शनला विचारलं. "तिथे सोडा."

"पाण्यातच सोडायचं तर कराचीत समुद्र होता, अहो."

त्याने फडक्याची गाठ सोडली आणि हळूच श्यामलाला म्हणाला, "एक अस्थी घे. कमरेला खोच. बाईमाणसाला कोण तपासतंय?"

तिने हात आत घातला. बराच वेळ तसाच ठेवला. मग रिकामा बाहेर काढला.

"नको. माझी आई चोरून यायची नाही."

गाठ तिनेच परत बांधली, घट्ट. इरकली त्यावर गुंडाळली. सुदर्शन ते घेऊन उभा राहिला आणि आमची बस निघाली. गोदाबाई कराचीहून इथवर आल्या होत्या. आता तशाच परत जाणार होत्या.

अलीकडे आल्यावर जवानाने विचारलं, "उधर से कुछ लाईं?" श्यामलाने नकारार्थी मान हलवली.

मग ती स्वच्छतागृहात गेली. मी मागोमाग. माहेरचं मरण कानावर आलं की डोक्यावरून पाणी घ्यायचं, हे तिला गोदाबाईंनीच शिकवलेलं असणार. तिने नळाखाली बादली लावली आणि अंगावरच्या साडीसकट डोक्यावर पाणी ओतायला लागली. डिसेंबरची थंडी, पाणी बर्फासारखं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला मोठ्याने रडताना ऐकलं.

सफाईवाली बाई धावत आली. "मैडम, यहाँ नहाना मना है!"

मी दार अडवून उभी राहिले. "इसकी माँ गुज़र गई है."

बाई जागीच थबकली. "कब?"

"आत्ता," मी म्हटलं. "अभी, अभी गई."