शिवकालीन हात

माझा उजवा हात माझ्यापेक्षा साडेतीनशे वर्षांनी मोठा आहे. मोडीच्या वर्गात शिवकालीन वळण जमलं, तेव्हापासून. किती दिवस घोटत होतो, आणि काल ते सहज उतरलं. पाहतो तर मनगटापुढची कातडी वाळलेली आणि अंगठ्यावर कुठल्याशा जुन्या जखमेचा वण. खोटं कशाला बोलू, मला भारी वाटलं.

शिकवणाऱ्या गुप्तेबाईंनी हाताला वाकून नमस्कार केला. "बसा," त्या त्याला म्हणाल्या. मला मात्र उभंच ठेवलं.

घरी रेवती, माझी बायको, कौतुकाने तो हातात घ्यायला गेली. त्याने अंग चोरलं आणि तो माझ्या गुडघ्यावर जाऊन बसला.

"परस्त्रीला शिवत नाहीत वाटतं," ती म्हणाली. हसली, आणि पुढे केलेला हात मागे घेतला. मलाही वाईट वाटलं.

सकाळी म्हातारपण कोपरापर्यंत चढलं होतं, दुपारी खांद्याला पोचलं. डोक्यात शिरलं तर मीही हिला ओळखणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. रेवतीने बाईंना फोन लावला.

"त्यांच्याकडून तुमचं नाव लिहून घ्या," बाई म्हणाल्या. "लिहिलं की ओळख होते. फक्त मध्येच अडवू नका. अक्षरं सुरू झाली की ते बोरू उचलत नाहीत."

रेवती कागद, दौत आणि बोरू घेऊन समोर बसली. "मी रेवती," तिने हाताला सांगितलं. "लिहिता ना?"

मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात, मग तिला अक्षरं टांगतात. हाताने रेघ ओढायला घेतली. कागद संपला तरी ती थांबेना. टेबलावरून ती रेवतीच्या तळहातावर चढली आणि दंडाकडे निघाली. तो तिला शिवत होता. मी डावा हात पुढे केला, तो तिने घट्ट धरला.

"गुदगुल्या होतात रे," ती म्हणाली.

खांद्याशी रेघ संपली. हात मागे आला आणि तिच्या मनगटापासून नाव लिहीत गेला. अक्षर उमटेल तिथली कातडी वाळत होती. शेवटच्या अक्षराला रेवतीने नसलेला पदर डोक्यावर सावरला. आपण कोणाचा हात धरलाय ते पाहिलं आणि तो सोडून दिला.

"हे कोण?" तिने उजव्या हाताला विचारलं.

हात थबकला. त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने बोरू दौतीत बुडवला आणि माझ्या छातीशी आणला. शर्टाचं बटण त्याला सुटेना, तिलाही सुटेना. शेवटी ते मीच डाव्या हाताने सोडलं, आणि बोरूचं गार टोक कातडीला टेकलं.