तिसरा खड्डा

बाईंच्या स्वयंपाकघराची भिंत फोडून झाली आणि आत पाण्याचा थेंब निघाला नाही.

थेंब तर सोडाच, ओलसुद्धा नव्हती. सहा टाइल्स उखडल्या, मागच्या विटा काढल्या, आणि त्यामागचा पाइप असा कोरडा ठणठणीत, की बोट फिरवलं तर धूळ लागावी. कानवाल्यांनी बोट फिरवून पाहिलं. धूळ लागली.

"आणखी वीतभर डावीकडे बघू या," ते म्हणाले.

"खबरदार!" बाई म्हणाल्या.

या बाई म्हणजे कानवाल्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका. छत्तीस वर्षं शाळा चालवलेली, आवाज अजून मैदानाच्या पलीकडे जाईल असा. गेले अकरा दिवस कानवाल्यांनी त्यांच्या दारात येऊन एकच टुमणं लावलं होतं, की तुमच्या भिंतीत पाणी गळतंय, मला ऐकू येतंय. बाईंना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. पण माणूस पाणीखात्यातला, त्याच्या कानाचं नाव सगळीकडे, म्हणून त्यांनी शेवटी हो म्हटलं. आता ओट्यावर, भांड्यांत, चहाच्या डब्यावर, जिथे बघाल तिथे विटांचा भुगा.

"पण मला अजून ऐकू येतंय हो," कानवाले म्हणाले.

"मग स्वतःच्या घरी जाऊन ऐका! आणि माझी भिंत होती तशी करून द्या."

कानवाले तोंड पाडून घरी आले. शरम वाटण्यापेक्षा त्यांना संताप जास्त आला होता, आणि तो नेमका कुणावर काढायचा हे कळत नसल्यामुळे त्यांनी चपला जोरात आपटल्या.

आता हे कानवाले म्हणजे कोण, ते सांगायला हवं. जमिनीखाली पाइप फुटला की पाणी दरवेळी वर येतंच असं नाही. ते आतल्या आत मुरतं, गटाराला जाऊन मिळतं, आणि तिकडे लोकांच्या नळाला करंगळीएवढी धार येते. वर येतो तो फक्त आवाज. कानवाल्यांकडे छातीएवढ्या उंचीची एक लोखंडी सळई होती, वरच्या टोकाला लाकडी वाटी बसवलेली. सळईचं खालचं टोक रस्त्यावर टेकवायचं, वाटीला कान लावायचा, डोळे मिटायचे. दहा पावलं पुढे, पाच पावलं मागे, आणि मग "इथे!" म्हणून खडूची फुली. मग यंत्राने रस्ता फोडून खणलं की पाणी. अठ्ठावीस वर्षं हेच चाललं होतं. खात्याने मध्ये गळती शोधायचं एक यंत्र आणलं. त्याच्या वायरी सोडवून होईपर्यंत कानवाल्यांचं फुली मारून, चहा पिऊन व्हायचं.

आणि या महिन्यात दोन खड्डे कोरडे निघाले. एक चौकात, एक शाळेसमोर. दोन्हीकडे कानवाल्यांनी छातीठोकपणे फुली मारली होती, दोन्हीकडे माणसांनी कमरेएवढं खणलं आणि खाली सुकी माती. खात्यातले साहेब वयाने लहान होते, बोलायला मवाळ होते, पण तेही शेवटी वैतागले. म्हणाले, "कानवाले, सोमवारी हॉस्पिटलच्या गल्लीत गळती शोधायची आहे. तिथे वरच्या मजल्यावर पाणीच चढत नाहीये. तो तिसरा खड्डाही कोरडा निघाला, तर सळई जमा करा आणि टपालाच्या टेबलावर बसा." निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. म्हणजे चार वर्षं पाकिटांवर शिक्के मारायचे.

झोप तर केव्हाच उडाली होती. गादीवर पडलं की भिंतीतून सुरू. सूंऽऽऽ. बारीक, सलग, न थांबणारं. अगदी पाइपला सुईएवढं भोक पडावं तसं. त्यांनी घरातला फ्रिज बंद करून पाहिला, आतलं दही आंबून गेलं. पंखा बंद केला, बायको घामाने भिजली. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व बंद केला, तेव्हा वरच्या मजल्यावरचा माणूस डोक्याला साबण लावलेला तसाच खाली आला होता.

"अहो, पुरे करा आता," बायको रविवारी दुपारी म्हणाली. "सगळ्या बिल्डिंगशी भांडून झालं. आता काय रस्ता बंद करणार?"

बायको डबे बनवायच्या कारखान्यात होती. पत्र्यावर ठोके मारणारी बावीस यंत्रं एका छपराखाली, त्यामुळे तिथे प्रत्येकाला कानात घालायला स्पंजचे बोळे मिळायचे. तेच बोळे ती घरी झोपतानाही घालायची, कारण कानवाले घोरायचे. साधंसुधं घोरणं नव्हतं ते. गेली वीस वर्षं ती बोळ्यांच्या जिवावर संसार करत होती, आणि हे ती चारचौघांत सांगायचीसुद्धा.

"मला जरा तुझे बोळे दे," कानवाले म्हणाले. "उद्या पहाटे उठायचंय. दोन तास तरी डोळा लागू दे."

तिने नवीन जोडी दिली. कशी चिमटीत पिळायची, कशी आत सरकवायची, हे दाखवलं. कानवाले आडवे झाले. रस्त्यावरचे हॉर्न गेले, बाईंच्या घरातला झाडू गेला, घड्याळ गेलं. आणि मग, बाकीचे सगळे बाहेर गेल्यावर खोलीत एकटाच उरलेला पाहुणा पाय पसरून बसावा तसा, तो आवाज पसरला.

"वाढला!" कानवाले ओरडले. बोळ्यांमुळे आपण किती मोठ्याने ओरडतोय हे त्यांना कळलं नाही. पलीकडून बाईंनी भिंतीवर लाटणं आपटलं, तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

ते उठून बसले. त्यांच्या धंद्याचा एक साधा नियम होता, आणि तो त्यांनी स्वतः कितीतरी जणांना शिकवला होता. एकेक व्हॉल्व बंद करत यायचं. शेवटचा व्हॉल्व बंद करूनही आवाज येत राहिला, तर गळती व्हॉल्वच्या अलीकडे. पलीकडे शोधू नका, वेळ जाईल. कानवाल्यांनी फ्रिज बंद केला होता, पंखा बंद केला होता, टाकी बंद केली होती. आणि आता कानही बंद केले होते.

म्हणजे अलीकडे.

त्यांनी बोळे उपसून काढले आणि फेकून दिले.

"भिकार बोळे आहेत तुझे!"

"बोळ्यांना कशाला बोलताय?" बायको जवळ येऊन बसली. तिचा आवाज खाली आला होता. "अहो, कान वाजतात तुमचे. आमच्या लाइनवर निम्म्या जणींचे वाजतात. कारखान्यात कान तपासायला एक डॉक्टरीण येते, तिने कितीदा सांगितलंय. ज्याचे कान वाजतात त्याने झोपताना बोळे घालू नयेत. बाहेरचं बंद झालं की आतलं मोठं होतं. गुरुवारची वेळ घेते मी तिची."

"माझे कान?" कानवाले उसळले. "अख्खं खातं ज्या कानावर चालतं, ते कान वाजतात? तुझ्या त्या ठोक्यांच्या कारखान्यात राहून तुझे कान शाबूत, आणि माझे वाजतात?"

"मी वीस वर्षं झाकून ठेवलेत. तुम्ही अठ्ठावीस वर्षं उघडे टाकून त्या रस्ता फोडायच्या यंत्राशेजारी उभे राहिलात. काय करू?"

कानवाले गादीवरून उठले. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. चौकातला खड्डा आठवला. शाळेसमोरचा आठवला. बाईंच्या सहा टाइल्स आठवल्या. जिथे जिथे सळई टेकवली, तिथे तिथे पाणी होतं, कारण पाणी त्यांनी स्वतःबरोबरच नेलं होतं. त्यांना स्वतःचीच इतकी चीड आली, की डोळ्यांत पाणी आलं. मग त्या पाण्याचीही चीड आली.

आत येऊन ते म्हणाले, "उद्या तुझी कारखान्यात दुसरी पाळी ना? सकाळी माझ्याबरोबर चल."

सोमवारी सकाळी सहाला हॉस्पिटलच्या गल्लीत साहेब आणि खणणारे चौघे जण तयारच होते. साहेबांनी कानवाल्यांबरोबर त्यांच्या बायकोला पाहिलं आणि कपाळावर आठी घातली.

"हे काय? सहलीला निघालात का, कानवाले?"

"जरा थांबा, साहेब." कानवाल्यांनी सळई टेकवली, वाटी कानाला लावली. सूंऽऽऽ. दहा पावलं पुढे गेले. सूंऽऽऽ. रस्ता सोडून हॉस्पिटलच्या दगडी पायरीवर टेकवली, जिच्याखाली पाइप असायचं काही कारणच नव्हतं. तिथेही तेच. खडू त्यांच्या हातात होता. एक फुली मारायची, लागली तर लागली. साहेब घड्याळ बघत होते. गल्लीच्या टोकाला एक परिचारिका दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन हॉस्पिटलचा जिना चढत होती.

कानवाल्यांनी सळई बायकोच्या हातात दिली.

"डोळे मीट. श्वास हळू घे. आणि काय ऐकू येतं ते सांग."

"काही नाही," ती म्हणाली.

"असं कसं काही नाही? नीट लाव कान."

"लावलाय नीट. काही नाही."

चार पावलं पुढे. "काही नाही." आणखी चार. "लांब कुठेतरी गाडी गेली." आणखी चार. "काही नाही."

"अगं, लक्ष दे!"

"तुम्ही बडबड बंद केलीत तर देईन ना! गप्प बसा आधी."

खणणारे चौघे हसले. कानवाले गप्प बसले. पण तिच्या प्रत्येक 'काही नाही'बरोबर त्यांच्या मनात काहीतरी हलत होतं. रस्त्याखाली काही नाही, हे त्यांनी शेवटचं कधी ऐकलं होतं? दोन महिने झाले असतील, तीन झाले असतील. काही नाही कसं असतं, हेच ते विसरून गेले होते.

औषधांच्या दुकानासमोर ती थांबली. डोळे मिटलेलेच ठेवून तिने हात वर केला.

"इथे आहे. शिट्टी व्हायच्या आधी कुकर करतो ना, तसं."

"बारीक की जाड?"

"आधी बारीक. आता इकडे सरकले तर जाड. आणि मध्येच खडा आपटल्यासारखं."

"खडा आपटतो म्हणजे पाणी जोरात मारतंय." कानवाले खडू घेऊन पुढे आले. त्यांनी खाली वाकून तिच्या सळईच्या टोकाशी फुली मारली आणि सरळ साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, खणायच्या आधी सांगतो. माझा कान गेला. आत सारखं वाजतंय. आधीचे दोन्ही खड्डे पाण्याचे नव्हते, माझ्या कानातले होते. ही फुली तिची आहे. कोरडी निघाली तरी तिला बोलू नका, मी टपालाच्या टेबलावर बसतो."

साहेबांनी खणणाऱ्यांना हाताने खूण केली. खणायला सुरुवात झाली. गुडघाभर खाली गेल्यावर माती काळी झाली, मांडीभर खाली गेल्यावर चिखल झाला, आणि मग पहारीच्या एका घावासरशी पाणी असं उसळलं, की औषधवाल्याने घाईघाईने पुढ्यातली खोकी उचलली. चौघांनी आरोळी ठोकली. बायको तोंडावर हात ठेवून हसत होती. कानवालेही हसले, पण सळई त्यांनी आपणहून साहेबांच्या जीपमध्ये नेऊन ठेवली.

"टपाल राहू द्या," साहेब मागून म्हणाले. त्यांचा वैताग अजून पुरता गेला नव्हता. "खात्याचं ते यंत्र कुठे लावायचं, हे आमच्यात कुणालाही कळत नाही. तेवढं तरी दाखवत जा. आणि कानाच्या डॉक्टरकडे जा आधी. हे महिन्यापूर्वी सांगायला काय झालं होतं?"

"महिन्यापूर्वी मला तरी कुठे माहीत होतं!" कानवाले खेकसले.

घरी येताना त्यांनी सहा टाइल्स आणि सिमेंट आणलं. दुपारपर्यंत बाईंची भिंत बुजवली. टाइल्सचा रंग थोडा वेगळा आला, त्यावरून बाईंनी त्यांना शाळेतल्यासारखं उभं करून बोलून घेतलं, आणि ते मुकाट्याने उभे राहिले.

बायको पाळीवर निघाली तेव्हा ते गादीवर पडले होते. डोळे लाल, झोपेचा पत्ता नाही, कानात सूंऽऽऽ. ती मोरीत गेली. थोड्या वेळाने आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज यायला लागला.

"नळ गळतोय!" कानवाले ताडकन उठले. उभ्या आयुष्यात त्यांनी घरात नळ गळू दिला नव्हता.

"गळत नाहीये, मी सोडलाय. दोऱ्याएवढी धार आहे. ती डॉक्टरीण म्हणते, काहीतरी बारीक चालू ठेवावं, म्हणजे आतलं एकटं पडत नाही. बादली भरायला दोन तास लागतील. हात लावाल तर याद राखा."

ती गेली. कानवाले चरफडत पडून राहिले. पाणीखात्यातला माणूस, आणि मुद्दाम नळ सोडून झोपायचं! पण थोड्या वेळाने बाहेरचं पाणी कुठे संपतं आणि आतलं कुठे सुरू होतं, ते त्यांना नीटसं लागेनासं झालं.

तेवढ्यात भिंतीवर लाटणं आपटलं.

"कानवाले! अहो कानवाले! तुमच्याकडे पाणी गळतंय!"

कानवाल्यांनी खाडकन डोळे उघडले.

"बाई, तुम्हाला ऐकू येतंय?"

"म्हणजे काय! बहिरी आहे का मी? चांगलं धो धो ऐकू येतंय!"

"खरंच येतंय?"

"किती वेळा सांगू? येतंय, येतंय, येतंय!"

"मग असू द्या, बाई," कानवाले म्हणाले, आणि कुशीवर वळून झोपून गेले. पाचव्या मिनिटाला ते घोरायला लागले, आणि बाईंनी पुन्हा लाटणं उचललं.