पाणसळीत वाफा

“काय मिस्त्री, भाजी लावताय की कुणाला पुरताय?”

शेजारची शिंपीण पालथ्या बादलीवर उभी राहून भिंतीवरून डोकावत होती. मिस्त्रीने मान वर केली नाही. धुम्मस उचलायचं आणि दाणकन खाली सोडायचं, एवढंच चाललं होतं. परसातला वाफा असा बसला होता, की वरून बैल गेला तरी खूर उमटू नये. चारी कडा दोरीत, वरचा भाग पाणसळीत. थेंबभर पाणी ओतलं तरी कुठल्या बाजूला जावं ते त्याला सुचलं नसतं.

“माती इतकी ठोकतात का हो?”

“चाळीस वर्षं माती हाताळतोय मी. मला शिकवू नका.”

“घरांखालची हाताळलीत. तिथे काही उगवायचं नसतं, भावजी.”

हे सहा वर्षांतलं त्यांचं पहिलं बोलणं. शिंपिणीच्या कोंबड्या परसात येतात म्हणून मिस्त्रीने एक थर चढवून भिंत उंच केली, तेव्हापासून तोंड बंद. त्याच्या बायकोने मात्र भिंतीशी स्टूल लावलं आणि रोज त्यावर चढून शिंपिणीशी गप्पा मारल्या. उन्हाळ्यात ती गेली. स्टूल तिथेच राहिलं.

अख्ख्या गावाची घरं मिस्त्रीने बांधली. तेराव्यानंतर त्यातल्या एकाही घराचं दार उघडून कुणी त्याच्याकडे आलं नाही. माणसं अशीच हरामखोर असतात; छत गळायला लागलं की मिस्त्री आठवतो.

डाळीच्या डब्यामागे त्याला तिच्या जुन्या साडीची गाठ मारलेली चिंधी सापडली होती. आत घेवड्याचं बी, एकवीस दाणे. तिच्या हाताचं घरात एवढंच उरलं होतं. एरवी परसात तो हात धुण्यापुरताच जायचा. एकवीसच्या एकवीस दाणे त्याने लावले, आणि वरून थापीने चोपून गुळगुळीत केलं. सवय.

बारा दिवस तो सकाळी उठून वाफ्याशी उकिडवा बसला. गुळगुळीत मातीने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. तेराव्या दिवशी बोट खुपसून पाहिलं, तर नख मोडलं. मग पहार आणली.

ढेकूळ उलटलं आणि त्याचे हातच थांबले. बी कुजलं नव्हतं. कोंब फुटले होते, पांढरेफटक. वरच्या थराला डोकं लावून लावून वाकले होते, आडवे पसरले होते, आणि तिथेच काळे पडले होते. एकवीसच्या एकवीस.

मुलाचा शहरातून फोन आला. बी मेल्याचं ऐकून तो म्हणाला, “बाबा, घेवडा बाजारात मिळतो की. कशाला जिवाला त्रास?”

“ठेव फोन,” मिस्त्री म्हणाला.

दुपारी तो स्टुलावर चढला. गुडघे कुरकुरले. पलीकडे शिंपीण शिलाईच्या चिंध्या उन्हात घालत होती.

“वहिनी.”

ती दचकली. “बोला.”

“घेवड्याचं बी आहे का?”

“आणि तुमचं?”

“मारलं मी.”

शिंपिणीच्या ओठांवर आलेला टोमणा तिथेच राहिला. “सगळं लावलंत? मागे काही ठेवलं नाहीत?”

“सगळं.”

ती आत गेली आणि गाठोडी घेऊन आली. तीच साडी, तीच गाठ. मिस्त्रीने ती ओळखली.

“तुमच्याच घरचं आहे. दरवर्षी मूठभर द्यायची मला. म्हणायची, आमचे हे कधी काय करून ठेवतील सांगता येत नाही, तुमच्याकडे असू द्या.”

मिस्त्रीने स्टुलावरूनच हात पुढे केला.

“आधी माती फोडा. हात मनगटापर्यंत आत गेला पाहिजे. आणि निम्मं बी मागे ठेवा.”

“निम्मं तुमच्याकडेच राहू द्या,” तो म्हणाला.

त्याने वाफा कुदळीने उकरला. आपलं काम आपल्या हाताने मोडायची ही त्याच्या आयुष्यातली पहिली वेळ. कडा वाकड्या झाल्या, माती कुठे उंच, कुठे खोल. निम्मं बी लावल्यावर आठव्या दिवशी सकाळी मातीला भेगा पडल्या आणि मान वाकवलेले हिरवे कोंब वर आले.

“अगं, आलं बघ!” तो घराकडे तोंड करून ओरडला.

स्वयंपाकघरातून काहीच आवाज आला नाही. तो मागे फिरला. मग छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीशी गेला.

ठोके ऐकून शिंपीण धावत आली. “अहो, काय पाडताय?”

पहिली वीट सुटली. मिस्त्रीने ती अलगद खाली ठेवली.

“एक थर जास्त झाला होता,” तो म्हणाला.