गुरुवारचा रकाना

हाडांचे डॉक्टर असले तरी लोक त्यांना नखवाले डॉक्टर म्हणायचे. प्लास्टर घातलेल्या माणसाची गाठ पडली की आधी त्याच्या बोटाचं नख दाबायचं, सोडायचं आणि मोठ्याने मोजायचं, ही त्यांची सवय. एक, दोन. दोनाच्या आत रक्त परतून नख पुन्हा लाल झालं पाहिजे. मग बोट हलकेच सरळ करून बघायचं. पेशंट कळवळला, तर प्लास्टर त्याच मिनिटाला कापायचं, मग ते घालणारा कितीही मोठा असो. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं आणि हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात हेच भरवलं.

पाच वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. म्हणजे कागदोपत्री झाले, मनाने काही केल्या होईनात. त्यांच्या लाडक्या विद्यार्थ्याने स्वतःचं क्लिनिक काढलं होतं. सरांची घालमेल त्याला बघवेना. त्याने दारावरच्या पाटीवर सरांचं नाव आपल्या नावाच्या वर लावलं, खाली लिहिलं, ‘दर गुरुवारी दहा ते एक’, आणि खिडकीपाशी एक खुर्ची मांडून ठेवली. दर गुरुवारी रिसेप्शनवरची मुलगी वहीत लाल शाईने एक वेगळा रकाना आखायची आणि त्यावर सरांचं नाव लिहायची.

सर वेळेवर जायचे. बेसिनपाशी कोपरापर्यंत हात धुवायचे, खुर्चीत बसायचे आणि दाराकडे बघायचे. लोक यायचे ते तरुण डॉक्टरकडे. म्हाताऱ्याकडे कोण कशाला जाईल? एक वाजला की सर चहाचा कप खाली ठेवून घरी यायचे.

"झाले का पेशंट?" बायको विचारायची.

"आज जरा कमीच होते."

"मग तुमचा गुडघा तरी दाखवून यायचा. जिना चढताना भिंत धरता ते दिसतं मला."

"स्वतःच्या विद्यार्थ्याला गुडघा दाखवू? उद्या म्हणशील, नंबर लावून बाहेर बसा."

बायको सगळं ओळखून होती. पण बुधवारी रात्री त्यांचा शर्ट इस्त्री करायला ती कधी विसरली नाही, आणि त्यावर कधी चकार शब्द काढला नाही.

अशात एक वकीलबाई घरी आल्या. त्यांची अशील कपडे शिवणारी बाई होती. तीन वर्षांपूर्वी तिचा उजवा हात कोपराजवळ मोडला. हॉस्पिटलात प्लास्टर घट्ट बसलं. हात ठणकतोय म्हणून ती दोन दिवस सांगत होती आणि तिला गोळ्या मिळत होत्या. तिसऱ्या दिवशी प्लास्टर कापलं, तोवर हाताचे स्नायू मेले होते. आता चार बोटं तळव्याकडे वळून बसली होती. कात्री धरता येत नव्हती, सुई तर दूरच. तिने हॉस्पिटलवर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावला होता.

"डॉक्टरची चूक झाली हे कोर्टाला दुसऱ्या डॉक्टरनेच सांगावं लागतं," वकीलबाई म्हणाल्या. "कायद्याने तो त्याच शाखेचा हवा, आणि घटनेच्या आधीच्या वर्षभरात प्रत्यक्ष पेशंट तपासत असलेला हवा. सात जणांचे उंबरे झिजवले मी. तुमच्या विद्यार्थ्याने तर दोनदा नाही म्हटलं. त्याच हॉस्पिटलातून त्याच्याकडे पेशंट येतात, कोण वाकड्यात शिरणार? पाटीवर तुमचं नाव दिसलं, म्हणून आले."

सरांनी तिथेच हो म्हटलं. कागद वाचताना त्यांना रागही आला आणि, खोटं कशाला बोला, आनंदही झाला. आठवडाभर ते घरात येरझाऱ्या घालत साक्षीची तयारी करत होते. कोणीतरी आपल्याला पुन्हा काही विचारणार होतं, आणि त्याचं उत्तर आपल्याला पक्कं माहीत होतं. या एका गोष्टीसाठी पाच वर्षं जीव तळमळत होता. गुरुवारचं म्हणाल, तर पाटी होती, खुर्ची होती, ते स्वतः जात होते. त्यापुढे विचार करायचं त्यांनी शिताफीने टाळलं.

कोर्टात साक्ष सुरू होण्याआधीच समोरचे वकील उठले. पोट सुटलेले, हसतमुख गृहस्थ होते. हा साक्षीदार तज्ज्ञ म्हणून चालतो की नाही ते आधी ठरू द्या, असं त्यांचं म्हणणं पडलं. न्यायाधीशांनी परवानगी दिली.

"डॉक्टरसाहेब, या बाईंचा हात मोडला त्याच्या आधीच्या वर्षात आपण पेशंट तपासत होता?"

"दर गुरुवारी क्लिनिकमध्ये जात होतो."

"जात होता, ठीक. अंदाजे किती पेशंट तपासले?"

प्रश्न एवढाच होता. सर म्हणाले असते, आठवड्याला आठ-दहा, तर निभावून गेलं असतं. विद्यार्थी तोंड उघडणार नव्हता. रिसेप्शनवरच्या मुलीचा सरांवर इतका जीव होता की कोणी सांगायच्या आत तिने वहीत नावं भरून दिली असती. वकीलबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांच्या मागे शिवणवाली बसली होती, उजवा हात पदराखाली घेऊन. खरं बोललं तर तिचा दावा लटकणार आणि आपणही घरी बसणार, हे सरांना लख्ख दिसत होतं. पण चाळीस वर्षं या माणसाने नख लाल झालं नसताना झालं असं कधी म्हटलं नव्हतं.

"एकही नाही," ते म्हणाले.

समोरचे वकील पुढचा प्रश्न तोंडात धरून उभे होते, तो त्यांनी गिळला. "मग वर्षभर तिथे काय करत होता?"

"वाट बघत होतो."

कोर्टात कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि सौम्य आवाजात सांगितलं, की साक्षीदाराच्या ज्ञानाबद्दल शंका नाही, पण कायद्याप्रमाणे त्यांना तज्ज्ञ म्हणून घेता येत नाही. दुसरा तज्ज्ञ आणायला सहा आठवडे दिले. नाही आणला तर दावा फेटाळला जाणार होता. सर पिंजऱ्याच्या दोन पायऱ्या कठडा धरून उतरले.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाई फाईल बगलेत मारून म्हणाल्या, "आता सहा आठवड्यांत कोण मिळणार मला?" आणि फोन लावत निघून गेल्या. शिवणवाली मात्र बाकावरच बसून होती.

"म्हणजे तुम्ही डॉक्टर नाही का?" तिने विचारलं.

"आहे. कोर्टापुरता नाही."

"मग हात तरी बघता का? तीन वर्षं झाली, सगळे कागदच बघतात."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनीही कागदच पाहिले होते. ते शेजारी बसले, तो वळलेला हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला, करंगळीचं नख दाबलं आणि सोडलं. एक. दोन. नख लाल झालं. मग त्यांनी एकेक बोट हळूहळू उलगडायचा प्रयत्न केला. कुठे ताण येतो, कुठे काहीच कळत नाही, ते विचारत राहिले. पाच वर्षांत त्यांच्या हातात आलेला हा पहिला हात होता. तो सोडावासा वाटेना.

"गुरुवारी मोकळ्या आहात का?" त्यांनी विचारलं.

गुरुवारी दहाला ते तिला घेऊन क्लिनिकमध्ये गेले. हात धुतले नाहीत. खिडकीपाशी जाऊन त्यांनी आपल्या खुर्चीत तिला बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले.

विद्यार्थी आत आला आणि त्याचा चेहरा पडला. "सर, मी वकीलबाईंना सांगितलं होतं. मला इथे रोज काम करायचंय."

"साक्ष दे असं मी कुठे म्हटलं? पेशंट आहे. हात बघ."

तो स्टूल ओढून बसला. त्याने नख दाबलं. सोडताना त्याचे ओठ हलले, एक, दोन. पंचवीस वर्षांपूर्वी सरांनी त्याला मोठ्याने मोजायला लावलं होतं. आता तो मनात मोजायचा, पण ओठ काही थांबले नव्हते. त्याने बोटं सरळ करून पाहिली, कोपराखाली वाळून गेलेला हात चाचपला.

"प्लास्टर कधी कापलं?"

"तिसऱ्या दिवशी," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून सांगत होते मी."

"नख कोणी दाबून बघितलं होतं का?"

"नाही. आता तुम्ही दोघांनीच."

त्याने तिचा हात हलकेच तिच्या मांडीवर ठेवला. मग सरांकडे न बघता म्हणाला, "वकीलबाईंना फोन करायला सांगा. तारीख कळली की त्या दिवशीचे पेशंट मला पुढे ढकलावे लागतील."

सर बाहेर आले. रिसेप्शनवरच्या मुलीने वही उघडून ठेवली होती आणि तिचा चेहरा नुसता उजळला होता. लाल रकाना आखलेला होता, त्यावर सरांचं नाव होतं, खाली सगळं कोरं.

"सर, या बाई तुमच्याबरोबर आल्या ना? तुमच्या रकान्यात लिहू?"

सर त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. एक नाव. एवढंच तर हवं होतं त्यांना इतके गुरुवार. मुलीने पेन टेकवलंसुद्धा होतं.

"नको," ते म्हणाले. "त्यांना तुझ्या डॉक्टरांनी तपासलंय, त्यांच्याच नावाखाली लिही. उद्या कोर्ट वही मागेल. आणि पुढच्या गुरुवारपासून हा रकाना आखू नकोस."

मुलीचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्ही येणार नाही?"

"येईन की," सर म्हणाले. "गुडघा दुखतोय बरेच दिवस. माझंही नाव त्यांच्याच खाली लिही."