गवताचा कावळा

राधाकिशनच्या दहाव्याला नदीकाठी लाऊडस्पीकर आला, तेव्हाच मुक्ताबाईनं कपाळाला हात लावला. नवरा गेल्याचं दुःख होतंच. त्यात आता दिराचं भाषण ऐकायचं होतं.

दीर सुंदरराव म्हणजे तालुक्यातलं बडं प्रस्थ. पंचक्रोशीत कुणीही मरो, श्रद्धांजलीला गडी हजर. भाषण एकच, मेलेल्याचं नाव तेवढं बदलायचं. आज तर सख्खा थोरला भाऊ गेलेला, मग काय विचारता!

"अत्यंत दुःखद, हृदयद्रावक प्रसंग! मी तीव्र दुःख व्यक्त करतो!"

करा बाबा व्यक्त, मुक्ताबाई मनात म्हणाली. सातवी शिकलेली बाई ती. नाम, विशेषण, क्रियापद अजून ध्यानात होतं. भावजींच्या दुःखाला विशेषणं पोतंभर, अन् क्रियापद म्हणाल तर 'व्यक्त करणं'. रडणं न्हाई, हळहळणं न्हाई, झुरणं तर न्हाईच न्हाई. झुरला तो राधाकिशन. बांधाचा दगड रातोरात सरकवला म्हणून याच सुंदररावानं त्याला भर चावडीत चोर ठरवलं होतं. पुढं सरकारी मोजणी झाली, दगड जागच्या जागी निघाला. पण सुंदररावानं चकार शब्द काढला न्हाई. राधाकिशननं पारावर बसणं सोडलं ते सोडलंच. मरताना म्हणाला, "सुंदऱ्यानं चार माणसांत एकदा 'चुकलो' म्हणावं, बस्स."

पिंड मांडला. कावळे आले, स्पीकरवर बसले, पिंडाकडं ढुंकून बघेनात. मेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत न्हाई, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"दादा, तुझ्या सायलीचं लगीन थाटात करतो!" सुंदररावांनी हात जोडले. कावळे ढिम्म. "तुझ्या नावानं सभामंडप बांधतो!" एक कावळा उडूनच गेला.

ऊन चढलं, मंडळी चुळबुळायला लागली. शेवटी मुक्ताबाई पुढं झाली.

"भावजी, सभामंडप ऱ्हाऊ द्या. 'दगडाचं मी खोटं बोललो, चुकलो' एवढंच म्हणा."

सुंदररावांनी माइक घेतला, घसा खाकरला. मुक्ताबाई कानात प्राण आणून उभी राहिली.

"त्या प्रकरणी काही गैरसमज झाला असल्यास खेद आहे. मनात खंत आहे. दिलगिरी आहे."

"लई काय काय हाय हो तुमच्याकडं!" मुक्ताबाई म्हणाली. "पर तुमी चुकलात का न्हाई?"

सुंदररावांनी घड्याळ बघितलं. धारूरकडं अजून एक दहावा होता. माइक खाली ठेवून ते म्हणाले, "म्हाराज, उरका आता."

म्हाराजांनी दर्भाच्या काड्या वळून कावळा केला अन् पिंडाला टेकवला. शास्त्रात सोय असतेच. लोक सुटल्यासारखे उठले.

मुक्ताबाई हमसून हमसून रडली. मग पदरानं तोंड पुसलं अन् माइक उचलला.

"बसा जरा. माझ्या नवऱ्यानं दगड हलवला नव्हता. ह्यांना ठाऊक हाय, तुमालाबी ठाऊक हाय. भावाचं दुःख गवताचं, मग कावळाबी गवताचाच यायचा."

स्पीकर चांगला होता, सुंदररावांनीच आणवलेला. पारापर्यंत ऐकू गेलं.